ताई, कुठलं पहिलं टाकू?

सबमिशनचा आठवडा. रात्रीचे साडेअकरा. रूमवर तिघी मिळून एकाच जर्नलवरून 'स्वतंत्रपणे' प्रयोग लिहीत होतो (सरांनी हे वाक्य वाचू नये ही विनंती!). तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन. तो यंदा बारावीला आहे.

"ताई, एनडीएचा फॉर्म भरतोय. आर्मी, नेव्ही, एअरफोर्स... कुठलं पहिलं टाकू? पटकन सांग, सायबर कॅफेवाला शटर ओढतोय."

म्हणजे बघा, ज्या प्रश्नावर पुढची वीस-तीस वर्षं अवलंबून आहेत, तो प्रश्न शटर खाली येता येता! मी त्याला म्हटलं, "आज राहू दे. घरी जा, दोन दिवस थांब." त्याला राग आला. पण त्या दोन दिवसांत माझ्या डोक्यात जे घोळत राहिलं, तेच इथे लिहिते आहे. आपल्या हॉस्टेलमधल्या निम्म्या जणांचा एखादा भाऊ, बहीण किंवा चुलतभाऊ दर वर्षी हाच फॉर्म भरत असतो. आणि निम्म्या जणांनी तो स्वतःही कधीतरी भरलेला असतो, हे रात्रीच्या गप्पांत कळतंच.

आधी एक कबुली. माझं शिक्षण दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरात मराठी आणि शाळेत मराठी बोललं तर दंड, असा मामला! तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं.

आणि दुसरी कबुली. मीसुद्धा हा फॉर्म भरला होता. १८ ऑगस्ट २०२१ ला सुप्रीम कोर्टाने मुलींना एनडीएच्या परीक्षेला बसू द्या असा अंतरिम आदेश दिला, तेव्हा मी दहावी संपवून अकरावीच्या ॲडमिशनच्या रांगेत होते. त्या दिवशी आबांनी (म्हणजे माझे आजोबा, मराठा लाइट इन्फंट्रीमधून हवालदार म्हणून निवृत्त) पेढे आणले होते. परीक्षा द्यायचं मी तेव्हाच ठरवलं. पण कशासाठी, ते मात्र ठरवलं नव्हतं. आणि माझं घोडं नेमकं तिथेच अडलं.

बारावीत फॉर्म आला. मी पहिलं टाकलं एअरफोर्स. का? खरं सांगू? आदल्या वर्षी 'टॉप गन: मॅव्हरिक' दोनदा पाहिला होता. दुसरं नेव्ही, कारण पांढरा युनिफॉर्म! आणि तिसरं आर्मी, कारण ते तर आबांनी केलेलंच आहे, त्यात नवीन काय? लेखी परीक्षा निघाली. गणिताचे ३०० आणि जनरल ॲबिलिटीचे ६०० असे ९०० मार्क लेखीला, तेवढेच ९०० एसएसबीला. इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतल्यावर पहिल्याच सेमिस्टरला एसएसबीचं बोलावणं आलं. युनिट टेस्ट बुडवून गेले.

पाच दिवसांची ती कथा परत कधीतरी. इथे फक्त इंटरव्ह्यूची दहा मिनिटं सांगते. समोरच्या अधिकाऱ्यांनी माझा पसंतीक्रम पाहिला आणि विचारलं, एअरफोर्स का? मी पाठ केलेलं वाक्य फेकलं, "सर, फ्लाइंग इज माय पॅशन." त्यांनी शांतपणे विचारलं, एनडीएनंतर हवाई दलाचे कॅडेट कुठे जातात? मला हैदराबादजवळचं दुंडीगल माहीत नव्हतं. ट्रेनिंगमध्ये फायटर, ट्रान्सपोर्ट, हेलिकॉप्टर असे भाग पडतात, तुला हेलिकॉप्टर मिळालं तर? मी गप्प. आणि आर्मी दिली तर? मी म्हटलं, "सर, आय विल बी इक्वली हॅप्पी." ते हसले. ते हसू अजून आठवतं. तिन्ही सारखीच आवडत असतील तर मग पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम कशाला लावला, बाई?

पाचव्या दिवशी निवड झालेल्यांचे चेस्ट नंबर वाचले. माझा नव्हता. एसएसबी कुणालाच कारण सांगत नाही, त्यामुळे 'याच उत्तरामुळे मी पडले' असं म्हणण्याचा मला हक्क नाही. ग्रुप टास्कमध्येही मी फार काही दिवे लावले नव्हते. पण परतीच्या गाडीत खिडकीशी बसून एक गोष्ट नक्की कळली. मी वर्षभर अभ्यास केला होता तो परीक्षेचा. ज्या नोकरीसाठी परीक्षा होती, तिचा एक तासही केला नव्हता.

आता धाकट्याचं काय चाललंय बघा. त्याच्या क्लासच्या सरांनी सांगितलंय, "आर्मी पहिलं टाक, जागा जास्त असतात." आकडा बरोबर आहे. गेल्या काही वर्षांच्या जाहिराती काढून पाहिल्या, तर एनडीएच्या ३७० जागांत आर्मीच्या २०८, एअरफोर्सच्या १२० आणि नेव्हीच्या ४२. शिवाय केरळातल्या एळिमलाच्या नेव्हल अकादमीच्या थोड्या जागा वेगळ्या. पण आकडा बरोबर असला तरी सल्ला चुकीचा आहे. कसा, ते आपल्यासारख्या कॅप राउंडमधून होरपळून निघालेल्या मंडळींना लगेच कळेल.

कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म आठवा. आपण काय करायचो? हवं ते कॉलेज आधी, मग त्याखालचं, मग 'चालेल' असं. पहिलं नाही मिळालं तर दुसऱ्याचा विचार व्हायचा. पहिलं मिळणार नाही या भीतीने कुणी नावडतं कॉलेज पहिल्या नंबरवर टाकलं, तर ते मिळायचं आणि मग बसा बोंबलत! इथेही तसंच आहे. वाटप होतं ते गुणवत्ता, पसंती आणि मेडिकल या तीन गोष्टींवर. नेव्ही पहिलं टाकलं आणि नंबर तिथपर्यंत पोचला नाही, तर पुढच्या पसंतीचा विचार होतोच. म्हणजे खरी इच्छा आधी लिहिल्याने नुकसान काहीच नाही. खोटी आधी लिहिली तर मात्र ती पूर्ण होण्याचा धोका आहे!

हो, काही अटी मात्र आधीच पाहायला हव्यात. आर्मीसाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते, नेव्ही आणि एअरफोर्सला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं. फ्लाइंगसाठी किमान १६२.५ सेंटिमीटर उंची लागते आणि वैमानिकाची जी वेगळी चाचणी असते (आधी पीएबीटी म्हणायचे, आता सीपीएसएस), ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास तर कायमचे नापास. लाल-हिरव्या रंगांत घोटाळा होणाऱ्या डोळ्यांना नेव्ही आणि एअरफोर्समध्ये फारशी सूट नाही. हे सगळं चौकातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे अर्ध्या तासात कळतं. तरीही मुलं दोन वर्षं क्लास लावतात आणि रंगदृष्टी तपासतात ती निवड झाल्यावर मेडिकलला! दोन वर्षांची मेहनत आणि बापाचे क्लासचे पैसे, एका ठिपक्यांच्या पुस्तकावर.

पण समजा हे सगळं जुळलं. मग ठरवायचं कसं? माझं मत असं की युनिफॉर्मचा रंग, सिनेमा, शेजारच्या दादाचं इन्स्टा, सगळं बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारावा : साधा मंगळवार कसा असेल?

१५ ऑगस्ट, २६ जानेवारीचा दिवस तिन्हीकडे भारीच. युद्ध रोज नसतं. उरतो तो मंगळवार.

आर्मीतला मंगळवार म्हणजे माणसं. बावीस-तेवीस वर्षांचा लेफ्टनंट, हाताखाली तीसेक जवान, त्यातले निम्मे वयाने मोठे, त्यांची भाषा वेगळी, त्यांच्या घरच्या अडचणी वेगळ्या. कुणाच्या आईचं ऑपरेशन, कुणाच्या जमिनीची भानगड. ज्याला ग्रुप प्रोजेक्टमध्ये चार टाळकी सांभाळताना घाम फुटतो आणि एकट्याने काम करायला आवडतं, त्याने इथे नीट विचार करावा. आणि 'आर्मी' म्हणजे काही एकच गोष्ट नव्हे. इन्फंट्री, रणगाडे, तोफखाना, इंजिनिअर्स, सिग्नल्स, ईएमई... कुठली शाखा मिळणार हे डेहराडूनच्या आयएमएतून बाहेर पडताना ठरतं.

नेव्हीतला मंगळवार म्हणजे यंत्रं आणि पाणी. आपल्या मेकॅनिकलवाल्यांना जे डिझेल इंजिन लॅबमध्ये पंधरा मिनिटं सहन होत नाही, त्याच्या कितीतरी पट मोठ्या इंजिनाशेजारी चार-चार तासांच्या पाळ्या. जहाज समुद्रात असलं की मोबाइलला रेंज नाही, घरच्यांचा वाढदिवस हुकणार, लग्नं हुकणार. पाणबुडीवर तर स्वतःहून नाव देणाऱ्यालाच घेतात. बदल्यात जग दिसतं आणि बी.टेक.ची पदवीही मिळते. आपण घाटावरची मंडळी या पर्यायाकडे लक्षच देत नाही. समुद्र म्हणजे आपल्याला अलिबागची ट्रिप! कान्होजी आंग्र्यांचं नाव घेऊन मिरवायचं, २ सप्टेंबर २०२२ ला नौदलाच्या नव्या ध्वजावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला म्हणून स्टेटस ठेवायचं, आणि फॉर्ममध्ये नेव्ही तिसऱ्या नंबरवर. हे जरा गमतीचंच आहे.

एअरफोर्समधला मंगळवार म्हणजे शिस्तबद्ध तयारी. प्रत्यक्ष हवेत असणं थोडं, त्याआधीचं ब्रीफिंग, हवामान, चेकलिस्ट आणि त्यानंतर कुठे चुकलो याची चिरफाड जास्त. आणि हवाई दल म्हणजे फक्त वैमानिक नव्हेत. विमान उडतं ते जमिनीवरच्या माणसांमुळे. एनडीएच्या त्या १२० जागांतल्याच २८ जागा ग्राउंड ड्युटीच्या असतात. ज्याला फक्त कॉकपिटच हवं आहे आणि हँगर चालणार नाही, त्याने हे आधी स्वतःशी कबूल करावं.

यात कुठलं दल मोठं, कुठलं छोटं असं काही नाही. मुळात खडकवासल्याला तिन्ही दलांचे कॅडेट तीन वर्षं एकत्रच शिकतात, एकाच मेसमध्ये जेवतात. १९५५ पासून ही पद्धत तिथे चालू आहे. १ जानेवारी २०२० पासून तिन्ही दलांसाठी चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ हे पद आलं. म्हणजे वरच्या पातळीवर 'आपण एकत्र' असं चाललंय आणि आपल्या मेसमध्ये मात्र 'आर्मीच खरी, बाकी सगळे एसीत बसणारे' असली भांडणं! रविवारच्या फीस्टला परवाच ऐकली.

आता कुणी म्हणेल, बाई, सतराव्या वर्षी कुणाला कळतं मंगळवार कसा असतो ते? मान्य. मलाही नाही कळलं. पण निदान विचारता तर येतं! महाराष्ट्रात आपण किती नशीबवान आहोत बघा. खडकवासल्याला एनडीए, दापोडीला कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग, खडकीला बॉम्बे सॅपर्स, देवळालीला तोफखान्याचं स्कूल, अहिल्यानगरला रणगाड्यांचं केंद्र, लोणावळ्याला नौदलाचं आयएनएस शिवाजी, लोहगावला हवाई दलाचा तळ. प्रत्येक तालुक्यात निवृत्त सुभेदार, हवालदार आहेत. ही माणसं १५ ऑगस्टला स्टेजवर बसवायची, शाल-श्रीफळ द्यायचं आणि घरी सोडायचं, एवढंच आपण करतो. त्यांच्याजवळ बसून 'काका, तुमचा रोजचा दिवस कसा असायचा?' हे कुणीच विचारत नाही.

मीही आबांना एसएसबीहून परत आल्यावर विचारलं. त्याआधी एकाच घरात अठरा वर्षं काढली! आबा म्हणाले, "पोरी, सिनेमातली लढाई दोन तासांत संपती. माझ्या नोकरीत मी जास्त वेळ काय केलं आसंल तर वाट बघितली. बर्फात हुभं राहून वाट बघायची. ज्येला वाट बघता येती, त्यानं फौजंत जावं." एवढं एक वाक्य मला आधी मिळालं असतं तर!

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्या मेसमध्ये ताटं उचलणारा जो मुलगा आहे ना, तो रोज पहाटे साडेचारला ग्राउंडला फेऱ्या मारतो. अग्निवीर भरतीची तयारी. धाकट्याच्या फोननंतर मी त्याला सहज विचारलं, "तुला कुठलं दल आवडतं?" तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "ताई, जी भरती आधी निघंल ती." तो दहावी पास आहे. आर्मीचं जनरल ड्युटी त्याला खुलं आहे, विज्ञान घेऊन बारावी केली असती तर आणखी दारं उघडली असती. २०२२ च्या अग्निपथ योजनेनुसार चार वर्षं सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम, बाकीच्यांना साधारण पावणेबारा लाखांचा सेवा निधी आणि घरचा रस्ता, पेन्शन नाही. हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. माझ्यापेक्षा जास्त माहिती त्याला होती, कारण त्याला ती परवडत नसताना चूक करायची नव्हती. 'कुठलं पहिलं टाकू' हा प्रश्न पडणं हीसुद्धा चैन आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आणि ज्याला ती चैन मिळाली आहे, त्याने ती शटर खाली येता येता उडवू नये, एवढंच माझं म्हणणं.

मुलींसाठी दोन शब्द. २०२२ मध्ये एनडीएत मुलींची पहिली तुकडी गेली आणि ३० मे २०२५ ला त्यातल्या १७ जणी मुलांच्या बरोबरीने संचलन करून बाहेर पडल्या. मी टीव्हीवर बघत होते. रडू आलं, खोटं कशाला बोलू? पण जागा अजून मोजक्या आहेत आणि म्हणूनच 'काहीही मिळू दे, फक्त आत जाऊ दे' असं वाटतं. माझंही तसंच झालं होतं. आत जायची घाई इतकी की आत जाऊन काय करायचं ते राहूनच गेलं.

तर धाकट्याचं काय झालं? दोन दिवसांनी त्याचा फोन आला. या वेळी कॅफेतून नाही, घरातून. डोळे तपासून आला होता. रंग व्यवस्थित दिसतात. गावातल्या एका निवृत्त नौसैनिक काकांकडे जाऊन बसला होता तीन तास. पप्पांना वाटत होतं आर्मी, कारण आबा. क्लासला वाटत होतं आर्मी, कारण जागा. आणि हा लहानपणापासून घरातला मिक्सर, पंखा, पाण्याची मोटर खोलून बसणारा पोरगा. त्याने पहिलं नेव्ही टाकलं, दुसरं नेव्हल अकादमी, तिसरं आर्मी. एअरफोर्स टाकलंच नाही. मी विचारलं, का रे? तर म्हणाला, "ताई, मला पाळण्यातसुद्धा चक्कर येते, माहितीये ना तुला." मी म्हटलं, "अरे, मग जहाजात?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "काका म्हणाले, तिथे पहिल्यांदा सगळ्यांनाच उलट्या होतात. मग सवय होते."

निवड होईल की नाही, देव जाणे. पण त्याला कुणी विचारलं 'नेव्ही का?' तर त्याच्याकडे स्वतःचं उत्तर आहे. माझ्याकडे नव्हतं.

पप्पा अजून थोडे नाराज आहेत. आबा मात्र काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "पवायला शिकीव त्याला. हिरीत पडायला घाबरतंय ते."

आणि माझं? पुढच्या वर्षी फायनल इयर. आर्मीच्या शॉर्ट सर्व्हिस टेक्निकल एन्ट्रीला मुलींनाही अर्ज करता येतो. मी करणार आहे. एकच दल, एकच अर्ज. या वेळी सिनेमा पाहून नाही. गेल्या सुट्टीत आबांबरोबर बसून त्यांच्या सगळ्या मंगळवारांची गोष्ट ऐकली, म्हणून.

बघू या, चेस्ट नंबर वाचतात का ते!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल